लेन्सची पाटी

जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या सगळ्या भागांत सर्वांत उपेक्षित भाग कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही लेन्स ज्या फळीवर बसते त्या फळीचे नाव सांगू. लेन्सचे कौतुक सगळेच करतात. भात्याला भोके पडली की माणूस रात्रभर झोपत नाही. दुधी काच फुटली तर घरात सुतक असल्यासारखे वाटते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधल्या चौकोनी फळीकडे मात्र ती हरवल्याशिवाय कुणाचे लक्ष जात नाही. कॅटलॉगात तिला लेन्सबोर्ड म्हणतात. आमचे अब्बा तिला ‘पाटी’ म्हणत, म्हणून आम्हीही पाटीच म्हणतो.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला ठाण्यात राबोडीला राहतो, धाकटा डोंबिवलीला. अम्मी कल्याणच्या जुन्या घरात राहत होती. त्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत अब्बांचा स्टुडिओ होता. साठच्या दशकात सुरू झाला, नव्वदच्या अखेरीस बंद पडला. रंगीत फिल्म आणि मिनिलॅब आल्यावर स्टॅंड कॅमेऱ्यापुढे बसायला कोण येणार? अब्बांनी शेवटची काही वर्षे पासपोर्ट फोटोंवर काढली आणि एके दिवशी पाटी उतरवली. ही दुकानाची पाटी, लेन्सची नव्हे. लेन्सची पाटी कॅमेऱ्यावर तशीच राहिली.

कल्याण आणि फोटोग्राफी यांचे नाते जोडायचे झाले तर एक योगायोग आम्हाला फार आवडतो. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढच्या वर्षी म्हणजे १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, आणि त्याच १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटीच. पुढे आपल्या देशातही हे कॅमेरे बनू लागले. केरळात आलप्पुळा येथे के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात ‘वागीश्वरी’ नावाचे सागवानी कॅमेरे बनवायला घेतले आणि देशभरातल्या स्टुडिओंमध्ये ते पोहोचले. अब्बांच्या कॅमेऱ्यावर मात्र कोणतीच नाममुद्रा नव्हती. मुंबईच्या चोर बाजारातून त्यांनी तो घेतला होता. विकणाऱ्याने इंग्लंडचा म्हणून सांगितले, अब्बांनी तसे मानले, आणि आम्ही त्या वादात पडत नाही. फुल प्लेटचा, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांचा कॅमेरा. त्यावर पितळी नळीची चौदा इंची पोर्ट्रेट लेन्स. तिला शटर नाही. कॅप काढायची, मनात मोजायचे, कॅप लावायची.

२६ जुलै २००५चा पाऊस आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. स्टुडिओच्या खोलीत कमरेइतके पाणी होते. लोखंडी ट्रंकेत तीस वर्षांच्या निगेटिव्ह होत्या. लग्ने, बारशी, खतनाचे सोहळे, शाळेचे वर्ग, हजला निघालेल्या बुजुर्गांचे फोटो. चार दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा सगळ्याचा एकच गोळा झाला होता. काचा सुटल्या, पण त्यांच्यावरचे चेहरे वाहून गेले होते. अब्बा काही बोलले नाहीत. कॅमेरा माळ्यावर होता म्हणून वाचला. त्याच ट्रंकेत दोन सुट्या पाट्याही होत्या, एक प्लायवुडची आणि एक सागवानी. प्लायवुडची पापुद्रे सुटून फुगलेल्या पावासारखी झाली. सागवानी पाटी अब्बांनी सावलीत पंधरा दिवस वाळवली, दोन्ही अंगांना वजन ठेवून. ती जराही वाकली नाही. पाटी कशाची असावी, हा प्रश्न आमच्यापुरता तिथेच निकालात निघाला.

अब्बा २०११ मध्ये गेले. घर पुनर्विकासात जायचे ठरले ते २०१९ च्या सुरुवातीला. जून संपायच्या आत जागा रिकामी करून द्यायची होती. तेव्हा अम्मीने आम्हा दोघांना बसवून एकच मागणी केली. ती म्हणाली, “या कॅमेऱ्याने अर्ध्या गावाचे फोटो काढले. आपल्या घराचा एक नाही काढला. तुमचे अब्बा कायम कपड्याच्या आत. ईदला सगळे येतील, तेव्हा अंगणात सगळ्यांचा एक काढा. याच कॅमेऱ्यावर.”

खरेच होते ते. आमच्याकडे दुसऱ्यांच्या घरचे शेकडो चेहरे होते आणि स्वतःचे म्हणावे असे फार थोडे. आजोबांना तर तसबीर काढून घेणेच पसंत नव्हते. त्यांचा एकमेव फोटो आहे तो जहाजाने हजला जाताना कागदपत्रांसाठी काढलेला, तोही कपाळावर सरकारी शिक्क्याची कड आलेला.

मोबाईल असताना हा खटाटोप कशाला, असे भाचेमंडळींनी विचारले. त्यांचे बरोबरच होते. पण अम्मीने फोटो मागितला नव्हता, त्या कॅमेऱ्याचा फोटो मागितला होता.

अडचण अंगणाची होती. पायऱ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम पंधरा फूट. त्यात तिकाटणे आणि त्यामागे वाकून उभा राहणारा माणूस यांना तीन फूट गेले. उरले बारा. बारा फुटांवरून चौदा इंची लेन्स रुंदीत सात फुटांच्या आसपास पाहते. एका माणसाचे बस्ट काढायला ती उत्तम, चेहऱ्याला न्याय देणारी. आम्हाला बसवायची होती बावीस माणसे. तीन रांगा केल्या तरी रांगेला दहा-अकरा फूट लागणार. हिशेब सोपा असतो. कॅमेऱ्यातल्या चित्राची लांबी २१६ मिलिमीटर. लेन्सही साधारण तेवढ्याच फोकल लेंग्थची घेतली, तर जितके अंतर तितकी रुंदी मिळते. म्हणजे आम्हाला २१० मिलिमीटरची लेन्स हवी होती.

दुसरी अडचण वेळेची. फुल प्लेटची फिल्म आता कुठे मिळायची? आम्ही एक्स-रेची हिरव्या प्रकाशाला जागणारी फिल्म घेतली, आठ बाय दहाची, आणि लाल दिव्यात कापून स्लाइडमध्ये बसवायची ठरवली. अंगणातल्या सावलीत एफ १६ वर तिला एक अष्टमांश सेकंदाच्या आसपास उजेड पुरतो. कॅप काढून लावणारा हात कितीही तयारीचा असला तरी अर्ध्या सेकंदाच्या खाली येत नाही. आणि बावीस जणांत सहा मुले. तेव्हा लेन्स शटरसकट हवी.

तशी लेन्स धाकट्याच्या एका दोस्ताकडे होती. २१० मिलिमीटर, एफ ५.६, नंबर एकच्या कोपल शटरमध्ये. त्याने ती महिनाभरासाठी दिली. लेन्स आली, कॅमेरा होताच. दोघांमध्ये हवी होती ती पाटी.

इथे आम्हा दोघांत मतभेद झाले. धाकट्याचे म्हणणे असे की ट्रंकेतून वाचलेली सागवानी पाटी आहेच. तिच्यात अब्बांच्या वेळचे सव्वा इंची भोक आहे. ते थोडे मोठे केले की काम झाले. थोरला म्हणाला की ती पाटी अब्बांनी स्वतःच्या हाताने केली आहे, पुरातून वाचवली आहे, तिला कानस लावायची नाही. धाकटा म्हणाला, अब्बांनी ती शोकेसमध्ये ठेवायला केली नव्हती, लेन्स बसवायला केली होती. दोघांचेही बरोबर असले की भांडण लांबते. ते ठाणे ते डोंबिवली दोन-तीन लोकल प्रवासांत चालले. अम्मीला विचारले तर ती म्हणाली, “पाटीचे मला काय विचारता? मला फोटो सांगा.”

शेवटी निकाल भावनेने नाही, मापाने लागला. शटर पाटीवर बसते ते असे. पुढून शटर भोकात घालायचे आणि मागून एक पातळ पितळी किंवा पोलादी कडी आट्यांवर फिरवून आवळायची. या आट्या फार आखूड असतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीची पाटी असेल तर कडी नीट धरते. अब्बांची पाटी आठ मिलिमीटर जाड होती, कारण पितळी लेन्सचा फ्लॅंज पुढून तीन स्क्रूंनी लाकडात रुततो आणि स्क्रूंना धरायला लाकूड हवे. या पाटीवर शटर बसवायचे तर मागून पटाशीने खोलगट करून मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा ठेवावा लागला असता. सागवान असले तरी उभ्या रेषेचे इतके पातळ लाकूड कडी आवळताना चिरते. आमचे मिस्त्री, ज्यांनी आमच्या दोघांच्या लग्नातली कपाटे केली, त्यांनी पाटी हातात घेऊन बोटाने वाजवली आणि म्हणाले, “भाईजान, हे लाकूड सोन्यासारखे आहे. पातळ केले तर फुटणार. नवीन बनवू या.”

नवीन बनवायची तर कोणत्या मापाची, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. जगात लेन्सबोर्डची मापे जातीजमातींसारखी आहेत. म्युनिकच्या लिनहॉफच्या टेक्निका कॅमेऱ्याची पाटी ९६ बाय ९९ मिलिमीटर, स्विस सिनारची १४० मिलिमीटर चौरस, जपानी टोयोची १५८. शिकागोच्या मोठ्या डिअरडॉर्फची सहा इंची लाकडी. एकाची दुसऱ्याला चालत नाही. आणि आमच्यासारख्या बिननावाच्या हातघडणीच्या कॅमेऱ्याचे माप तर फक्त त्याच कॅमेऱ्याचे. हाताने बनवलेल्या दोन कॅमेऱ्यांच्या पाट्याही एकमेकांना बसतीलच असे नाही. आमची खाच मोजली तर ती एका बाजूने १४७ आणि दुसऱ्या बाजूने १४८ मिलिमीटर भरली. अब्बांच्या पाटीच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने एक बाण काढलेला होता. तो कशाचा, हे आम्हाला इतक्या वर्षांनी समजले. पाटी कोणत्या बाजूने वर धरायची त्याचा तो बाण.

म्हणून जुनाट कॅमेऱ्यासाठी पाटी करायची असेल त्याला आमचे सांगणे आहे की कॅटलॉगातल्या मापावर जाऊ नये. कॅमेऱ्याची खाच स्वतः मोजावी, चारही बाजूंनी, आणि जुनी पाटी असेल तर मिस्त्रीच्या हातात तीच ठेवावी. कडेची पायरीही तशीच उतरवून घ्यावी. पाटीची मागची कड थोडी आत जाते, पुढची बाहेर राहते, आणि प्रकाशाला वळण घ्यावे लागते. सपाट फळी कितीही घट्ट बसली तरी तिच्या फटीतून उजेड सरळ आत येतो.

आम्ही मधला रस्ता घेतला. बाहेरची पाटी सागवानी, कॅमेऱ्याच्या मापाची. तिच्या मध्यात चौकोनी खिडकी आणि त्या खिडकीत बसणारी अॅल्युमिनियमची छोटी पाटी, लिनहॉफ टेक्निकाच्या मापाची. हे माप निवडण्याचे कारण असे की आजचे अनेक हलके लाकडी कॅमेरे तेच माप स्वीकारतात. दोस्ताची लेन्स परत द्यायची होती. उद्या दुसरी कुणाची मागून आणली तर ती बहुधा याच मापाच्या पाटीवर बसलेली असणार. म्हणजे नुसती पाटी बदलायची, लाकडाला हात लावायचा नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पेटीला आजच्या लेन्सशी बोलायला एक दुभाषा मिळाला.

लाकडाला खर्च आला नाही. घरातलेच एक मोडके कपाट उतरवायचे होते, त्याच्या दाराचा सागवान मिस्त्रींनी काढला. चाळीस वर्षे वाळलेले लाकूड ते. “याच्यात आता पाणी नाही, हे हलणार नाही,” असे मिस्त्री म्हणाले. नवे लाकूड घेतले असते तर पावसाळ्यात फुगून खाचेत अडकले असते आणि उन्हाळ्यात सैल झाले असते. एमडीएफ स्वस्त पडते, पण ओलाव्यात त्याच्या कडा उकलतात आणि स्क्रू दोनदा काढला की तिसऱ्यांदा धरत नाही. अॅक्रिलिक दिसायला देखणे, पण स्क्रूपाशी तडकते. ज्या घरात पाणी कमरेपर्यंत आले होते, त्या घरातल्या माणसांनी या दोन्हींचा विचार फार वेळ केला नाही.

अॅल्युमिनियमची पाटी वागळे इस्टेटमध्ये एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाली. तीन मिलिमीटरचा पत्रा. नंबर शून्य, एक आणि तीन अशा शटरांना साधारण ३५, ४२ आणि ६५ मिलिमीटरची भोके लागतात. आमच्या एक नंबरला नेमके सांगायचे तर ४१.६ ते ४१.८. टर्नरकाका हसले. म्हणाले, “इथे आम्ही पंपाचे पार्ट करतो, शंभरावा भाग सांभाळतो, तुमचे हे काय विशेष?” त्यांनी पत्रा चार जबड्यांच्या चकमध्ये धरून भोक असे कापले की शटर हलक्या हाताने आत गेले आणि उलटे धरले तरी खाली पडले नाही. शटरच्या मागे एक बारीक खिळी असते, ते फिरू नये म्हणून. तिच्यासाठी भोकाच्या कडेला कानशीने एक खाच घालून घेतली. काहीजण ही खिळीच काढून टाकतात. दुसऱ्याच्या लेन्सची खिळी काढणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही.

भोक मध्यावर हवे की नको, यावरही विचार करावा लागला. टेक्निकाच्या मूळ पाटीत भोक मध्याच्या थोडे खाली असते, त्या कॅमेऱ्याच्या ठेवणीमुळे. आमच्या कॅमेऱ्याला तसे भोक गैरसोयीचे. फुल प्लेटचा कर्ण २७२ मिलिमीटर भरतो आणि या जातीच्या लेन्स एफ २२ वर सुमारे २९५ मिलिमीटरचे वर्तुळ उजळतात. एफ १६ वर त्याहूनही थोडे कमी. म्हणजे चारी बाजूंना अकरा मिलिमीटरही चैन नाही. त्यातले काही भोकाच्या जागेनेच खाल्ले, तर कोपऱ्यात बसलेल्या मुलाचे काय? आम्ही भोक बरोबर मध्यावर घेतले.

मागच्या अंगाला शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग दिला, चकाकी नसलेला. कडांना काळी मखमल चिकटवली. ती अम्मीने दिली, कुठल्याशा जुन्या बटव्याची. रात्री खोलीत काळोख करून कॅमेऱ्याच्या पोटात टॉर्च ठेवला, मागे काळा कपडा गुंडाळला आणि दोघे भाऊ पाच मिनिटे गप्प बसलो. डोळे अंधाराला सरावावे लागतात. पाटीच्या कडेने कुठेही उजेडाची रेष दिसली नाही. भात्याच्या एका घडीत मात्र टाचणीच्या टोकाएवढा तारा चमकला. त्यावर काळी चिकटपट्टी लावली. रमजान चालू होता. सहरीची वेळ झाली म्हणून अम्मी आम्हाला बोलवायला आली, तेव्हा आम्ही दोघे अंधारातच बसलेलो होतो.

५ जून २०१९ची ईद. नमाज झाली, शीरखुर्मा झाला, मुंब्र्याची मंडळी उशिरा आली, भिवंडीची त्याहून उशिरा. पाऊस लांबला होता आणि आकाश पांढुरके होते, उजेडाला याहून चांगले काही नाही. खुर्च्या, बाकडी, पुढे सतरंजी. अम्मी मध्ये. काळ्या कपड्याखाली दुधी काचेवर सगळे घर उलटे लटकलेले दिसले, डोकी खाली, पायऱ्या वर, आणि दोन्ही अंगांना हातभर जागा शिल्लक. आमच्यापैकी एकाने दोन फोटो काढले, मग जागा बदलून दुसऱ्याने दोन. त्यामुळे एकाही फोटोत दोघे भाऊ एकत्र नाहीत. शटरच्या टायमरचा विचार झाला होता, पण त्या शटरला टायमर नव्हता आणि शेजारच्या पोराच्या हातात केबल द्यायला थोरला तयार नव्हता. अब्बांचा मुलगा शोभतो.

सगळे पांगल्यावर आम्ही नवी पाटी उतरवून जुनी पाटी, पितळी लेन्ससकट, परत बसवली. अम्मीला एकटीला पायरीवर बसवले. सात फुटांच्या नजरेला तेवढेच हवे होते. एफ ८ वर उजेड जास्त होऊ नये म्हणून ऊन आणखी कलण्याची वाट पाहिली आणि मग कॅप काढून एक सेकंद मोजला. तिला ‘हलू नकोस’ म्हणायची गरज पडली नाही. त्या खोलीत तीस वर्षे ती गिऱ्हाइकांच्या लेकरांना शांत बसवत आली होती.

एक्स-रेच्या फिल्मला दोन्ही अंगांना मसाला असतो आणि ओली असताना तिला नखसुद्धा ओरबाडते. ट्रेच्या तळाशी काच घालून आम्ही एकेक फिल्म धुतली. पाचही चांगल्या आल्या. समूहाच्या चारांपैकी दोन फोटोंत एकेक मूल हललेले आहे, बाकी दोन स्वच्छ. निगेटिव्ह फुल प्लेटची असल्याने मोठे करावे लागले नाही, कागदावर तशीच ठेवून छापली. पायरीवरचा चुना, अम्मीच्या ओढणीची कड, चाचांच्या चष्म्यातली भिंत, सगळे मोजून घ्यावे असे.

चाचांची मात्र एक तक्रार राहिली. ही फिल्म लाल रंग पाहत नाही. लाल आणि नारिंगी तिला काळे दिसतात. ईदच्या आदल्या रात्री चाचांनी दाढीला मोठ्या हौसेने मेंदी लावली होती. फोटोत ती कुळकुळीत काळी आली. ऐंशीव्या वर्षी! त्यांनी प्रिंट हातात धरून बराच वेळ पाहिली, मग अम्मीकडे वळून म्हणाले, “भाभी, हे लोकांना दाखवू नका. म्हणतील, म्हाताऱ्याने खिजाब लावला.” अम्मीने ती प्रिंट दुसऱ्याच दिवशी फ्रेम करायला दिली.